मुरबाडच्या डोंगरातलं आमचं कुडाचं घर: राहायला येण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही ठाण्यात चरईत राहतो. मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पुढे, सह्याद्रीच्या एका सोंडेवर आमचं वडिलोपार्जित घर आहे. कारवीचे कूड, त्यावर शेणामातीचा गिलावा, वर कौलं. शनिवार-रविवारी आणि सुट्यांना आम्ही ते भाड्याने देतो. फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं इथे एकदाच नीट लिहिली आहेत. पैसे भरण्याआधी ती पूर्ण वाचा, ही मनापासून विनंती. न वाचता आलेली माणसं पहिल्या संध्याकाळीच हिरमुसलेली आम्ही पाहिली आहेत.

हे रिसॉर्ट आहे का?

नाही. पडवी, ओटी, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे मोरी. स्विमिंग पूल नाही, एसी नाही, टीव्ही नाही, रूम सर्व्हिस नाही. जमीन शेणाने सारवलेली. खाटा आणि गाद्या आठ जणांपुरत्या. आठांपेक्षा जास्त माणसांना आम्ही घर देत नाही. एका वेळी एकाच कुटुंबाला किंवा एकाच ग्रुपला देतो, त्यामुळे अंगण, विहीर आणि मागची आमराई तेवढे दिवस तुमचीच.

मग हे घर भाड्याने देता तरी कशाला? मोडून बंगला का बांधत नाही?

हा प्रश्न बरेच जण विचारतात. त्याचं उत्तर थोडं लांबेल.

कुडाचं घर माणसांशिवाय टिकत नाही. कारवीच्या काठ्या, बांबू, वरचे वासे या सगळ्यांना वाळवी आणि भुंगा लागतो. त्यांना लांब ठेवतो तो चुलीचा धूर. रोज दोन वेळा चूल पेटली की धूर कौलांपर्यंत चढतो, वासे काळे होतात आणि लाकडाला कीड लागत नाही. आजी गेल्यावर घर तीन वर्षं बंद होतं. उघडलं तेव्हा माजघराच्या आढ्यातून भुसा गळत होता आणि एका कोपऱ्यात वारूळ कमरेइतकं वाढलं होतं.

तेव्हा आमच्या हातून मोठी चूक झाली. ठाण्यातून एक कंत्राटदार आणला आणि त्याच्या सांगण्यावरून भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. दिसायला घर एकदम पक्कं झालं. पण माती ओल घेते आणि ओल सोडते, सिमेंट ती सोडू देत नाही. पावसाळाभर भिंत आतल्या आत कोंडून राहिली. गणपतीला गेलो तर पश्चिमेचा गिलावा लादीसारखा अख्खा निखळून अंगणात पडला होता आणि आतली कारवी हाताने चुरगाळली तरी पीठ होत होती. कुजक्या लाकडाचा तो वास अजून नाकात आहे.

शेजारच्या वाडीतल्या मामांनी मग ती भिंत पुन्हा उभी केली. लाल माती, भाताचा तूस आणि शेण रात्रभर भिजवून पायांनी तुडवलं. कारवी नवी तोडली नाही, वाडीतल्या एका पडक्या घराची जुनी काठी वापरली. हाताच्या पंजाने थापत थापत आतून-बाहेरून लेप दिला. त्यांच्या बोटांचे वळ उत्तरेच्या भिंतीवर अजून दिसतात, आम्ही ते पुसू दिले नाहीत. तेव्हापासून ठरवलं, घर आहे तसंच ठेवायचं आणि त्यात सतत कुणीतरी राहायचं. आम्हाला नोकरीमुळे दर आठवड्याला जाता येत नाही. तुम्ही येता, चूल पेटते, घर जगतं. भाड्यातून शाकारणी निघते.

शाकारणी म्हणजे?

पावसाळ्याआधी सगळी कौलं उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा चढवणं. वानरं वर्षभर उड्या मारतात, पालापाचोळा अडकतो, कौल सरकतं. हे काम मे महिन्यात होतं, त्या वेळी आठ-दहा दिवस घर बंद असतं. पश्चिमेच्या भिंतीला पेंढ्याचे तट्टेही तेव्हाच बांधतो, म्हणजे झड थेट मातीवर येत नाही. इतकं करूनही जुलैत एखाद्या रात्री थेंब टपकतोच. पातेलं कुठे ठेवायचं ते मामी (मामांच्या पत्नी) सांगतील.

थंड हवेचं ठिकाण आहे ना?

उन्हाळ्यात नाही, हे स्पष्ट सांगतो. माथेरान ८०० मीटरच्या आसपास आहे, आमचं घर त्याहून बरंच खाली. एप्रिल-मेच्या दुपारी इथे ठाण्यापेक्षा जास्त तापतं, कारण खाडीचा वारा इथवर पोचत नाही. घराच्या आत मात्र मातीच्या भिंतींमुळे बरं वाटतं आणि रात्र उतरली की डोंगरावरून वारा सुटतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे खरी थंडी असते. गोधड्या आहेत, तरी स्वेटर आणा.

मग कधी यावं?

मे महिन्याच्या शेवटी पहिला वळीव पडून गेला की काजवे सुरू होतात आणि मृगाचा पाऊस जोर धरेपर्यंत राहतात. एकेक झाड एकाच तालात लुकलुकतं. बॅटरी बंद करून पडवीत बसायचं, एवढंच. याच दिवसांत शेवळं उगवतात. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर जूनच्या सुरुवातीला बायका शेवळाच्या जुड्या घेऊन बसतात ना, तीच ही डोंगरातली भाजी. ती खाजरी असते, म्हणून सोबत काकडाची आंबट फळं घालतात. मामींच्या हातची खाल्लीत तर बाजारातून आणून घरी करायचा धीरही येईल.

जुलै-ऑगस्ट म्हणजे धुकं, पागोळ्या आणि खाचरांत चाललेली आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी. कपडे वाळणार नाहीत, ही खूणगाठ बांधूनच या. सप्टेंबरच्या मध्यापासून सोनकी आणि तेरडा फुलतो. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, तेव्हा अख्खा उतार जांभळा होतो. ऑक्टोबरमध्ये उकडतं. नोव्हेंबरात भाताची झोडणी असते, नंतर त्याच शेतात राहिलेल्या ओलीवर वाल पेरतात. पौष पौर्णिमेला म्हसा गावची जत्रा भरते, बैलांचा बाजार पाहायचा असेल तर त्या दिवसांत या. रस्त्यावर गर्दीची तयारी ठेवा.

आमचं स्वतःचं मत विचारलंत तर सप्टेंबरचा शेवट. पाऊस दमलेला असतो, ओढे अजून वाहत असतात आणि उन्हं तिरपी यायला लागलेली असतात.

उन्हाळ्यात घर का मिळत नाही?

पाण्यामुळे. इथे पाऊस धो धो पडतो, पण काळा कातळ पाणी धरत नाही, सगळं वाहून जातं. मार्च संपता संपता आमच्या विहिरीचा तळ दिसू लागतो. त्याच विहिरीवर वाडीतली सात घरं पाणी भरतात. त्या दिवसांत आम्ही पाहुणे घेत नाही. मेच्या अखेरीला काजव्यांसाठी येणाऱ्यांना प्रत्येकी दिवसाला दोन हंडे पाणी मिळतं, ते वापरून भागवायचं. ठाण्यातल्या काही भागांत नळाला बारवी धरणाचं पाणी येतं. त्या धरणाखाली मुरबाड तालुक्यातल्या गावांची जमीन गेली आहे. इकडच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन चढ चढताना पाहिल्या की शॉवरची चौकशी करवत नाही.

ठाण्याहून कसं यायचं?

गाडीने: माजिवड्याहून कल्याण, शहाड, म्हारळ, रायते, मुरबाड, सरळगाव, टोकावडे. हा कल्याण-नगर महामार्ग, पुढे तो माळशेज घाट चढतो. पहाटे सहाच्या आत निघा. शहाडला एकदा अडकलात की सकाळ तिथेच जाते. डिझेल-पेट्रोल आणि रोख पैसे मुरबाडातच घ्या.

एसटीने: लोकलने कल्याण, स्टेशनच्या पश्चिमेलाच एसटी स्टँड आहे. तिथून मुरबाडच्या गाड्या सतत असतात. आळेफाट्याकडे जाणारी गाडी मिळाली तर टोकावड्यापर्यंत थेट या. पुढे मामांचा टमटम येतो, आधी सांगून ठेवावं लागतं.

गाडीरस्ता वाडीत संपतो. तिथून घरापर्यंत वीस मिनिटांची चढण आहे. सुटकेस नको, पाठीवरची बॅग आणा. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांना पावसाळ्यात आणू नका, पायवाट निसरडी होते. हिवाळ्यात हळूहळू आरामात येता येतं.

उल्हास नदीला पूर आला की रायत्याचा पूल पाण्याखाली जातो आणि महामार्ग बंद होतो. हे दर काही वर्षांनी होतं. पावसाळ्यात येताना सोमवारी सकाळची महत्त्वाची मीटिंग ठेवू नका.

रेड अलर्ट असेल तर पैसे परत मिळतात?

पूर्ण मिळतात. हवामान खात्याने ठाणे जिल्ह्याला रेड अलर्ट दिला की बुकिंग आम्हीच रद्द करतो, तुम्ही काय म्हणता याची वाट पाहत नाही. ऑरेंज अलर्टला निर्णय तुमचा, आला नाहीत तरी तारीख बदलून देतो. इतर कारणांसाठी चार दिवस आधी कळवलंत तर निम्मे पैसे परत.

धबधबा किती लांब आहे? त्याखाली भिजता येईल?

अर्ध्या तासावर आहे. दुरून बघा. खाली जाऊ नका.

आम्ही घाबरट म्हणून हे लिहीत नाही. या ओढ्याचं पाणी वर घाटमाथ्यावरून येतं. खाली तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर दोन कोसांवर ढग फुटलेला असतो. आधी आवाज बदलतो, घुमल्यासारखा होतो, मग पाणी गढूळ होतं, काटक्या आणि पानं वाहत येतात. यातलं काहीही दिसलं की काठ सोडून उंचावर यायला मिनिटभरच हाताशी असतो. मुलं त्या वेळी मधल्या खडकावर फोटो काढत असतात. शिवाय पाण्याबरोबर वरून दगड येतात, ते दिसत नाहीत. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन अनेक धबधब्यांवर बंदी आदेश काढतं. तो आदेश असेल तर आमच्या घरी राहून तुम्ही तिथे जायचं नाही, हे बुकिंगच्या अटींत आहे. मोह आवरणार नसेल तर कृपया दुसरीकडे जागा बघा.

पाण्यात बसायचंच असेल तर घरामागच्या पन्हळाखाली बसा. सप्टेंबरात मुलं तिथून उठता उठत नाहीत.

साप, विंचू असतात का?

असतात. हे त्यांचंही रान आहे. नाग, घोणस, मण्यार, फुरसं, चारही प्रमुख विषारी साप या पट्ट्यात आहेत. आमच्याकडे आजवर एकाही पाहुण्याला साप चावलेला नाही, कारण आम्ही पुढचे नियम पाळून घेतो.

रात्री खाटेवरच झोपायचं, जमिनीवर नाही, आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचायची. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चावल्याचं बऱ्याचदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलता येईनासं होतं. असं कुणाला झालं तर ते जेवण बाधलं असं समजू नका, लगेच मामांना हाक मारा. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. बूट घालण्याआधी उलटे करून झटकायचे. सरपणाच्या ढिगात हात घालायचा नाही, लाकडं मामी देतील.

साप चावलाच तर जखम कापू नका, चोखू नका, घट्ट दोरी आवळू नका. अंगठ्या, बांगड्या काढा. हात किंवा पाय फळी लावून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका. १०८ ला फोन करा. डोली पडवीतच टांगलेली आहे, वाडीतले चार जण वाडीच्या रस्त्यापर्यंत आणतात, तिथून जीप मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात जाते. भगताकडे नेऊन वेळ घालवायचा नाही, हे वाडीनेही आता मान्य केलं आहे.

विंचवाचंही तेच, दवाखाना. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात पूर्वी मुलं दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यावर चित्र पालटलं. औषध आहे, पण ते वेळेत मिळायला हवं.

बिबट्या?

डोंगरात आहे. माणसाच्या वाटेला सहसा जात नाही, कुत्र्याच्या जातो. तुमचा कुत्रा आणायला हरकत नाही, पण दिवेलागणीनंतर तो घरात हवा, पडवीत बांधायचा नाही. लहान मुलांना संध्याकाळी एकटं अंगणाबाहेर सोडू नका.

संडास कसा आहे?

घरापासून वीस पावलांवर, भारतीय पद्धतीचा, पक्का बांधलेला, स्वच्छ. कमोडची खुर्ची मागितली तर देतो. अंघोळीला तांब्याचा बंब आहे. तो पेटवायला मुलांना फार आवडतं, फक्त बरोबर मोठं माणूस असू द्या.

वीज, मोबाइल, वाय-फाय?

महावितरणची वीज आहे, दिवे आणि दोन पंखे आहेत. पावसात लाइन गेली की कधी दुसऱ्या दिवशीच येते. चार्जिंगचे कंदील आहेत. मोबाइलला रेंज विहिरीजवळच्या आंब्याखाली येते. वर्क फ्रॉम होम जमणार नाही.

जेवणाचं काय?

मामी चुलीवर करतात. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं, हंगामातली रानभाजी: टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटोली. गावठी कोंबडी आदल्या दिवशी सांगितली तर मिळते. पनीर, मॅगी, पाव तुमचा तुम्ही आणा. जेवणाचे पैसे थेट मामींच्या हातात द्यायचे, त्यातला एक रुपया आम्ही घेत नाही. त्यांच्याशी घासाघीस करू नका. पहाटे चारला उठून त्या तुमची भाकरी थापतात.

चूल तुम्हालाही पेटवता येईल, मामी शिकवतील. आधी काटक्या, त्यावर शेणीचा तुकडा, मग फुकणीतून लांब, सावकाश फुंकर. जोरात फुंकलं की राख तोंडावर येते. धुराने डोळे चुरचुरतात. दम्याचा त्रास असलेल्यांनी आधी सांगा, म्हणजे स्वयंपाक मागच्या परसातल्या चुलीवर करू.

दारू आणि स्पीकर चालतो का?

नाही. रात्री दहानंतर लाउडस्पीकर कायद्यानेच बंद आहे, आमच्याकडे तो दिवसाही नाही. दारूबद्दल वाडीतल्या बायांनी आमच्या आईला एकदा अंगणात बसवून सांगितलं होतं, तुमचे पाहुणे पितात ते बघून आमचे पोरगे शिकतात. त्या दिवसापासून हा नियम आहे आणि तो कुणासाठीही सैल होत नाही.

शेकोटी करता येईल?

नोव्हेंबर ते जानेवारी, अंगणातल्या दगडी खड्ड्यात, मामा असताना. फेब्रुवारीपासून अजिबात नाही. गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी पुरते आणि वणवा रात्रीत डोंगर खातो. विडी-सिगारेटच्या थोटकांनाही हेच लागू.

आजूबाजूला काय बघण्यासारखं आहे?

नाणेघाट. वैशाखऱ्याकडून चढायला दोन-तीन तास लागतात. वर लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे, त्यातले अंक भारतातल्या जुन्या अंकांपैकी आहेत, आणि बाहेर जकातीचा दगडी रांजण. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदरातला माल याच वाटेने जुन्नरला चढायचा, तुम्हीही ठाण्याहून त्याच मार्गाने आलेले असता.

सिद्धगडला २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. दरवर्षी तिथे माणसं जमतात. मुलांना घेऊन जा, शाळेच्या पुस्तकापेक्षा जास्त समजतं. गोरखगडाच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या फक्त कोरड्या दिवसांत चढा.

भाडं किती? कागदपत्रं?

पूर्ण घराचे एका रात्रीला ३,००० रुपये, माणसं दोन असोत की आठ. जेवण वेगळं. सगळ्या मोठ्या माणसांचं ओळखपत्र लागतं. परदेशी पाहुणे असतील तर २४ तासांत त्यांच्या राहण्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन नोंदवावी लागते, म्हणून पासपोर्टची प्रत आधी पाठवा. पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत घराची नोंदणी आहे.

आसपास जमीन विकत मिळेल का? तुम्ही मध्यस्थी कराल?

करणार नाही. हे दर महिन्याला कुणीतरी विचारतं, म्हणून कायदाही सांगून ठेवतो. महाराष्ट्रात शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच विकत घेता येते. आणि वाडीतली बहुतेक जमीन ठाकर, महादेव कोळी कुटुंबांची आहे. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला शासनाच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही. मामांना कृपया हा प्रश्न विचारू नका. त्यांच्या भावाची जमीन एका कागदावर अंगठा उठवून गेली होती, ती परत मिळायला अर्धं आयुष्य लागलं. विषय निघाला की ते त्या दिवशी जेवत नाहीत.

निघताना काय करायचं?

प्लॅस्टिक तुमच्या बॅगेत परत न्या, कचरागाडी इथे येत नाही. गाद्या उन्हात टाका. विहिरीची बादली वर काढून ठेवा. चूल विझवू नका, निखाऱ्यांवर राख ओढून ठेवा, संध्याकाळी मामी त्याच विस्तवावर पुन्हा पेटवतात. चावी त्यांच्याकडे द्या.